वणव्याचा सेन्सर मार्चमध्ये रोज बोंबलतो आणि मेमध्ये गप्प बसतो : काय काय तपासायचं

तक्रार बहुतेक ठिकाणी सारखीच असते. जानेवारीत सेन्सरचे डबे झाडांना बांधले, खाली पाचोळा पेटवून चाचणी घेतली, मोबाईलवर इशारा आला, सगळे खूश. फेब्रुवारी सरता सरता पहाटेचे इशारे सुरू होतात. मार्चच्या मध्यावर ते इतके वाढतात की गार्डसाहेब ग्रुप म्यूट करून टाकतात. मग कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन इशाऱ्याची मर्यादा दुप्पट करतो आणि दोन आठवडे शांतता लाभते. एप्रिलच्या शेवटी खरा वणवा लागतो, धूर गावच्या पारावरून दिसतो, आणि नकाशावर सगळे ठिपके हिरवेगार. पुढच्या वर्षी पुन्हा हाच पाढा.

गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर पट्ट्यात ग्रामसभेच्या किंवा वनखात्याच्या जंगलात असे डबे सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. डबा म्हणजे साधारणपणे तापमान आणि आर्द्रतेचा सेन्सर, वायूचा सेन्सर, धुराचे कण मोजणारा लेझर सेन्सर, लोरा रेडिओ (थोड्या विजेवर लांबवर छोटे निरोप पाठवणारा), सौर पट्टी आणि बॅटरी. त्यामागे सर्व्हरवर एक एआय मॉडेल, जे 'आग' की 'आग नाही' ते ठरवतं. काही ठिकाणी मनोऱ्यावर कॅमेरा असतो. पेंच व्याघ्र प्रकल्पात २०२४ साली अशी कॅमेरा आणि एआयची यंत्रणा बसली. कॅमेऱ्याच्या अडचणी वेगळ्या आहेत, त्यावर खाली थोडं लिहिलं आहे. मुख्य विषय झाडावरचे डबे.

मर्यादा वाढवू नका, हे सगळ्यांत आधी. त्याने तक्रार थांबते, दोष तसाच राहतो.

आधी घड्याळ पाहा

गेल्या दोन आठवड्यांतले सगळे इशारे काढा आणि फक्त वेळेप्रमाणे मांडा. तारीख नको, डब्याचा क्रमांक नको. पहाटे ४ ते ८, दुपारी १२ ते ४, संध्याकाळी ६ ते ९ असे ढीग पडतील, कारण तिन्ही वेळांची कारणं वेगळी आहेत. एकाच मर्यादेने तिन्ही आवरायला गेलात तर तिन्ही बिघडतील.

पहाटेचा ढीग : मोह

मोहफूल रात्री आणि पहाटे गळतं. झाडाखाली साग-येनाचा पाचोळा टोंगळाभर साचलेला असतो, त्यात फूल सापडत नाही. म्हणून वेचणारे झाडाखालची जागा जाळून साफ करतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या इशाऱ्यांचं मूळ बहुतेक इथेच सापडतं. धूर खरा असतो, म्हणजे सेन्सर चुकलेला नसतो. पहाटेची हवा गार आणि जड, वारा पडलेला, त्यामुळे एका झाडाचा धूर जमिनीलगत पसरून चार डब्यांपर्यंत पोहोचतो आणि मॉडेलला वाटतं, चार ठिकाणी आग आहे.

इथे 'खोटा इशारा' असं लेबल लावून मॉडेलला शिकवणं हा सगळ्यांत महागात पडणारा उपाय आहे. मोहाखालची न विझलेली आग दुपारच्या वाऱ्याने पसरते आणि तिचाच वणवा होतो. पहाटेच्या धुराकडे दुर्लक्ष करायला शिकलेलं मॉडेल त्या वणव्याची पहिली खूणच पुसून टाकतं. मॉडेलमध्ये 'आग' आणि 'आग नाही' यांच्या जोडीला तिसरा वर्ग ठेवा : 'मोहाचा धूर'. आणि त्या वर्गाचा इशारा बंद करू नका, फक्त दुसऱ्या माणसाकडे वळवा.

तो धूर ओळखायचा कसा? आलेखाच्या आकारावरून. पाचोळा भरकन जळतो, त्यामुळे कणांचा आलेख झपकन चढतो आणि थोड्या वेळात उतरायला लागतो. उतरला तर ठीक. उतरलाच नाही, किंवा इथे उतरून शेजारच्या डब्यावर चढायला लागला, तर आग चालती झाली आहे. तिसरा नमुना माझ्या मते सर्वांत धोक्याचा : सकाळी धूर आला, विरला, आणि दुपारी बारा-एकनंतर त्याच डब्यावर पुन्हा आला. म्हणजे कुठलातरी ओंडका किंवा जुनं खोड आत धुमसत होतं आणि त्याला वारा लागला. हा एक नियम तुमच्या सर्व्हरवर आजच टाका : ज्या डब्याने सकाळी मोहाचा धूर दाखवला, त्याची मर्यादा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कमी ठेवायची. लोक नेमकं उलट करतात.

दुसरं काम जंगलात जाऊन करायचं. कोणतं मोहाचं झाड कोणत्या घराचं, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. वेचणाऱ्या बायांसोबत एक सकाळ फिरून झाडांच्या जागा मोबाईलवर नोंदवा आणि डब्यांच्या नकाशावर टाका. मग इशारा 'कक्ष अमुक, आगीची शक्यता' असा न जाता 'नाल्यावरच्या दोन मोहांजवळ धूर' असा जातो आणि विझवायला कोणाला हाक मारायची ते लगेच कळतं. बाया सरळ सांगतात, "तुमच्या डब्ब्याच्या भरोशावर नाही राहत बाबा, फांदीनं झोडपून विझवूनच घरी जातो आमी." बहुतेक जणी खरंच विझवतात. राहून जातो तो एखादा ओंडका.

भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून डबा म्हणजे खात्याचा हेर, असं एकदा गावाला वाटलं की डबा टिकत नाही. अँटेना मोडते, सौर पट्टी 'वानरांनी' नेलेली असते. पहाटेचा पिवळा, म्हणजे शंकेचा इशारा आधी ग्रामसभेच्या पोरांकडे आणि लाल, म्हणजे आगीचा झाला की गार्डसाहेबांकडे, ही व्यवस्था हंगामाआधी वनपालांसोबत बसून ठरवून घ्या. आणि झाडाखाली जाळण्याऐवजी जाळी अंथरायची पद्धत जिथे रुजली, तिथला पहाटेचा ढीग आपसूक बसतो. त्याचं श्रेय मात्र एआयने घेऊ नये.

सेन्सरला धुराची सवय लागते

याच काळात आणखी एक गोष्ट गुपचूप घडते, आणि मेमधल्या मौनाचं अर्धं उत्तर तिथे आहे. वायूचे बरेच सेन्सर, उदाहरणार्थ बॉशचा बीएमई ६८८, सोबतच्या सॉफ्टवेअरच्या मदतीने 'स्वच्छ हवा' कशाला म्हणायचं ते गेल्या काही दिवसांच्या वाचनावरून स्वतःच ठरवतात. हा काळ ४ दिवस किंवा २८ दिवस असा निवडता येतो. ४ दिवसांवर ठेवलेला डबा मोहाच्या हंगामात रोज पहाटे धूर खातो आणि हळूहळू त्यालाच नेहमीची हवा समजायला लागतो. मग एप्रिलमध्ये खरा धूर आला तरी आकडा जेमतेम हलतो.

सेटिंग २८ दिवसांवर न्या. आणि सेन्सरने शिकलेली ही स्थिती डब्याच्या कायम स्मृतीत साठवली जाते आहे का, तेही पाहा. साठवत नसेल तर बॅटरी बदलली, डबा रीस्टार्ट झाला, की तो सगळं विसरतो आणि त्या क्षणाच्या हवेपासून नव्याने सुरुवात करतो. तो क्षण मोहाच्या धुरातला असेल तर झालंच.

स्वस्तातले एमक्यू-२ किंवा एमक्यू-१३५ लावले असतील तर गोष्ट आणखी सरळ आहे. त्यांच्या आतल्या हीटरला सुमारे पाऊण वॉट सतत लागतो आणि पहिल्यांदा निदान २४ तास तापवल्याशिवाय वाचन स्थिर होत नाही. वीज वाचवायला कोणी हीटर बंद-चालू करत असेल, तर त्या आकड्यांवर कुठलंच मॉडेल चालणार नाही. सौर डब्यासाठी हे सेन्सर मी घेत नाही आणि कोणाला सुचवतही नाही.

दुपारचा ढीग : ऊन

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूरला मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. तो सावलीतला. उन्हात टांगलेल्या बंद डब्याच्या आत ६० सहज होतं. कंपनीने '५५ अंशांवर आग' असा नियम टाकून दिला असेल तर दुपारचा ढीग त्याचाच.

मग जानेवारीत का नाही झालं? एक तर तेव्हा सागाला पानं होती. साग उन्हाळ्यात उघडा पडतो आणि सावलीतला डबा थेट उन्हात येतो. दुसरं कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. 'खोडाच्या उत्तरेला बांधा, तिथे सावली असते' हा सल्ला हिवाळ्यापुरताच खरा. आपल्याकडे मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तो उत्तरेकडूनच तिरपा येतो. म्हणजे हिवाळ्यातली सर्वांत गार बाजू मेमध्ये दिवसभर तापते. डब्याची जागा मेचं ऊन पाहून ठरवावी लागते. वर पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटल्यांची, हवा खेळती ठेवणारी छत्री हवी. तीन-चार ताटल्या, मध्ये बोटभर फट, बस.

मुळात तापमान हा वणव्याचा कच्चा साक्षीदार आहे. पाचोळ्यातली आग वीस-तीस मीटरवरून जात असेल तर उष्णता वर निघून जाते, डब्याला फारसं कळत नाही. म्हणून तापमानाचा ठरावीक आकडा काढून टाका. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा : गेल्या दहा मिनिटांत किती चढलं, आणि शेजारच्या डब्यांच्या तुलनेत किती जास्त चढलं? ऊन सगळ्यांना एकदमच तापवतं.

संध्याकाळ

धुरे (शेताचे बांध), पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं), चुली. शेताच्या कडेच्या डब्यांवरच हा ढीग दिसेल. ज्या दिवशी धुरे जाळायचे त्या दिवशी ग्रामसभेच्या ग्रुपवर कळवायची सवय लावा, आणि त्या डब्यांवर 'शेजार : शेत' अशी खूण करा. बाकी नियम मोहाचाच : धूर आत जंगलाकडे सरकतो आहे का ते पाहायचं.

वेळेत न बसणारे

वायूचा आकडा दिवसरात्र चढलेला, पण कणांचा आकडा जमिनीवर, असा एखादा डबा निघाला तर मॉडेल तपासत बसू नका, आजूबाजूला फिरून या. वायूचे हे सेन्सर अल्कोहोलच्या वाफेलाही जोरात प्रतिसाद देतात. नाल्याकाठी दारूसाठी मोहाचा सडवा घातलेला असतो. डबा शंभर पावलं सरकवा आणि विषय तिथेच सोडा.

उलट कणांचा आकडा चढलेला आणि वायू शांत असेल तर धूळ असते : तेंदूपत्त्याच्या ट्रकची, वावटळीची. अवकाळी पावसात किंवा धुक्यात हेच दिसलं तर दमट हवेत कण फुगून मोठे मोजले जातात. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना एकट्या कणांच्या सेन्सरवर इशारा काढूच नका. कणांचा आकडा आठवडाभर एकाच ठिकाणी चिकटला असेल तर झाकण उघडा, कुंभारमाशीने हवेच्या भोकात मातीचं घर बांधलेलं असतं. बारीक स्टीलची जाळी लावली की हा त्रास संपतो. अस्वलावर मात्र माझ्याकडे उपाय नाही. मोहाच्या झाडावर डबा बांधू नये, एवढंच. फुलांसाठी अस्वल तिथे येणारच, आणि हाताला लागेल ते ओरबाडणार.

मनोऱ्यावरच्या कॅमेऱ्याचं मॉडेल तलावावरचं धुकं, रस्त्याची धूळ आणि गिरणीची वाफ यांना धूर समजतं. गोंदिया-भंडाऱ्याकडे भाताच्या गिरण्या, चंद्रपूरकडे औष्णिक केंद्राच्या चिमण्या. या गोष्टी जागा बदलत नाहीत, तेवढा भाग चित्रातून कायमचा झाकून टाका.

९९ टक्के अचूक म्हणजे किती?

हा हिशोब एकदा सगळ्यांनी मांडून पाहावा. समजा ४० डबे आहेत आणि प्रत्येक डबा दर पाच मिनिटांनी वाचन पाठवतो. एका डब्याची दिवसाला २८८ वाचनं, चाळीस डब्यांची ११,५२०. मॉडेलने शंभरात एकच चूक केली तरी दिवसाला ११५ चुकीचे इशारे. हजारात एक चूक केली तरी अकरा-बारा. म्हणून एका वाचनावर माणसाला कधीच उठवायचं नाही, मॉडेल कितीही चांगलं असलं तरी.

पण सलग तीन वाचनं पाहायची तर पंधरा मिनिटं जातात, आणि दुपारच्या वाऱ्यात पंधरा मिनिटं म्हणजे फार झाली. यावर उपाय सोपा आहे. पहिली शंका आली की त्या डब्याने स्वतःच पाच मिनिटांवरून अर्ध्या मिनिटावर यायचं आणि पुढच्या तीन वाचनांत निकाल द्यायचा. दोन मिनिटांत काम होतं. बॅटरी फक्त शंकेच्या वेळी जास्त खर्च होते. वाऱ्याच्या दिशेने पुढचा डबाही शंका दाखवत असेल तर वाटच पाहायची नाही, थेट लाल.

फुकटच्या इशाऱ्यांनी चिडचिड होते ही त्यातली लहान गोष्ट. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजुरांचा जीव गेला. भर दुपारी पाचोळा उडवणारा ब्लोअर पाठीला लावून माणसं जंगलात पाठवायची, तर आग कुठे आहे आणि वारा कुठून आहे, हे दोन्ही इशाऱ्यातच लिहून आलं पाहिजे.

मेमधलं मौन

आता उरलेलं अर्धं उत्तर. हिरवा ठिपका म्हणजे 'आग नाही' की 'शेवटचं वाचन आलं तेव्हा आग नव्हती'? बऱ्याच डॅशबोर्डवर डबा मेला तरी ठिपका जुन्याच रंगाचा राहतो. ठरलेल्या वेळेला दोनदा वाचन आलं नाही की ठिपका काळा झाला पाहिजे आणि निरोप गेला पाहिजे. काळा होण्याआधीच्या शेवटच्या दोन वाचनांत तापमान किंवा धूर चढत असेल तर तो बिघाड समजू नका. डबा जळाला असण्याची शक्यता धरून माणूस पाठवा.

डबे मरतात कशाने? बॅटरी जवळून पाहा. साधा १८६५० लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, असं उत्पादक सांगतात, आणि चांगली चार्जिंग चिप त्या सुमारास चार्जिंग थांबवते. म्हणजे ऊन सर्वांत कडक असताना चार्जिंग बंद, आणि पहाटे मोहाच्या वेळी बॅटरी रिकामी. बॅटरी सेन्सरच्या डब्यातून काढून खाली, खोडालगत, वेगळ्या हवेशीर डबीत ठेवा आणि शक्य असेल तिथे लिथियम आयर्न फॉस्फेट वापरा, ती उष्णता जास्त सोसते. सौर पट्टी आठवड्याला पुसायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर ठेवा. 'सगळे मिळून' म्हटलं की कोणीच पुसत नाही.

रेडिओही बॅटरी खातो. पावसाळ्यात पानं दाट असताना सिग्नल अडतो, म्हणून लोराची गती सर्वांत कमी, म्हणजे एसएफ १२ वर जाते. त्या गतीला एक छोटा निरोप पाठवायला दीड-दोन सेकंद लागतात, एसएफ ७ वर सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. पानगळीनंतर सिग्नल सुधारतो, पण गती आपोआप बदलायची सोय बंद असेल तर डबा उन्हाळाभर एसएफ १२ वरच बोलत राहतो. फेब्रुवारीत ती सोय चालू आहे का ते पाहून घ्या. नवा डबा मुळात जोडलाच जात नसेल तर त्याची वारंवारता तपासा : ऑनलाइन मागवलेले मॉड्यूल कित्येकदा युरोपच्या ८६८ वर लावलेले येतात, आपल्याकडे लोरा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो.

सगळेच डबे एकदम काळे झाले तर जंगलात जाऊ नका, गावातला गेटवे, म्हणजे डब्यांचे निरोप पकडून सर्व्हरला देणारं यंत्र, पाहा. लाइट गेलेली असते.

उपग्रहाशी ताडून पाहताना

भारतीय वन सर्वेक्षणाचे आगीचे इशारे मोबाईलवर येतात, नोंदणी करून ठेवाच. पण 'उपग्रहाने दाखवलं नाही म्हणजे आपला डबा खोटा' असा निष्कर्ष काढू नका. विअर्स या उपकरणाचा एक ठिपका ३७५ मीटरचा, मोडिसचा एक किलोमीटरचा. विअर्सचे उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. पहाटे पाचला एका झाडाखाली लागलेली आग या दोन फेऱ्यांच्या मधोमध पडते. उपग्रह उपयोगी पडतो तो डबे नसलेल्या भागासाठी, आणि हंगाम संपल्यावर आपल्याकडून कोणत्या मोठ्या आगी सुटल्या ते मोजण्यासाठी.

मॉडेलला इथलं शिकवा

तयार मॉडेल बहुधा परदेशातल्या पाइन नाहीतर निलगिरीच्या धुरावर शिकलेलं असतं. आपल्याकडचा साग, तेंदू, बांबूचा पाचोळा त्याने पाहिलेला नसतो. त्यामुळे प्रत्येक इशाऱ्यानंतर जागेवर गेलेल्या माणसाने एक फोटो आणि एक शब्द पाठवायचा : मोह, धुरा, धूळ, वणवा, काहीच नाही. यासाठी वेगळं ॲप लागत नाही, व्हॉट्सॲप पुरतं. 'काहीच नाही' हे उत्तर सर्वांत कमी येतं, कारण ते पाठवायला लाज वाटते. ते मागून घ्या, मॉडेलला त्याचीच गरज जास्त असते. एका हंगामाची अशी लेबलं जमली की मॉडेल नव्याने शिकवून घ्या, आणि तपासताना मागच्या वर्षीचा एप्रिल वापरा, जानेवारीची शेकोटी नको. विकणारी कंपनी लेबलं घ्यायला तयार नसेल तर पुढच्या वर्षी करार वाढवू नका.

हंगाम १५ जूनला संपतो. पहिला पाऊस यायच्या आत कणांचे सेन्सर उतरवून कोरड्या डब्यात ठेवा. रेडिओ आणि तापमानाचा भाग झाडावर राहू द्या. पावसाळ्यात कुठला डबा कुठल्या महिन्यात गप्प झाला ही नोंद फेब्रुवारीत जागा बदलताना लागेल. आणि डबा असो नसो, आग दिसली की वनखात्याचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक लावायचा, हे त्याच डब्यावर मोठ्या अक्षरात रंगवून ठेवा.